पाणी पाठवायचं कुठून

दसरा होऊन तिसऱ्या दिवशी सकाळी मी हल्के पटेलांच्या मटाराच्या कडेला जाऊन उभी राहिले आणि रामकृष्णभाऊंनी शिकवलं होतं तसं विचारलं, "पटेल दादा, पानी पठाएँ?"

हल्के पटेल उकिडवे बसून गवत उपटत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कहाँ से पठाओगी, बिन्ना?"

"जहाँ से हर साल जाता है."

"पर साल लौं हमाओ भी बंधान हतो. अब मटर है." त्यांनी एक रोप दोन बोटांवर अलगद उचलून दाखवलं. वीतभर झालं होतं, शेंड्याला पांढरी कळी. "तुमाओ पानी आओ तो दो दिन में सब पीरो."

पिवळंच पडेल, हे मलाही दिसत होतं. मी मागे वळून पाहिलं. त्यांच्या शेताच्या वरच्या अंगाला आमचं चार एकरांचं बंधान. चारही बाजूंनी कंबरेइतका मातीचा बांध, आत मांडीपर्यंत पाणी. आषाढापासून कोंडलेलं. पाटण रस्त्याच्या या पट्ट्यात पूर्वी सगळी शेतं अशीच असत. पावसाळाभर पाणी शेतातच निजवायचं, दसरा झाला की वरच्यानं खालच्याला विचारून सोडायचं, आणि त्या ओलीवर एकही पाणी न देता गहू, हरभरा. न विचारता बांध फोडला तर त्या घराशी बोलणं बंद, अगदी लग्नमयतीलासुद्धा. आता बिछुआ गावात एकच बंधान उरलं होतं. माझ्या आईचं.

"मतलब आप मना कर रहे हैं," मी म्हणाले.

"मना काए करें? हम तो बता रए." त्यांनी हातातलं गवत झटकलं. "तुमाई मताई होतीं तो बे ऐसे खेत में पानी पठातीं का? तुमई बताओ."

आई ज्येष्ठात गेली. पाऊस यायच्या आधी.

परत येताना बांधावर दोनदा घसरले. रामकृष्णभाऊ झोपडीच्या ओट्यावर फावड्याला दांडा बसवत होते. माझं तोंड पाहून त्यांनी विचारलंच नाही. राधामावशी आतून म्हणाल्या, "नाही म्हणले नं?"

"नाही नाही म्हणाले. नुसतं सांगितलं."

"म्हंजे नाहीच म्हणले," मावशी म्हणाल्या आणि चहात साखर टाकली.

हे नवराबायको मूळ अमरावतीकडचे. भाऊंचे आजोबा इकडे आले आणि आमच्या आजोळची ही जमीन कसायला इथंच राहिले. त्यांची मुलगी वैभवी आता एकोणीस वर्षांची आहे आणि आईची शाळा तीच चालवते. शाळा म्हणजे बांधाच्या कोपऱ्यातल्या दोन खोल्या. बाहेर पाटी आहे, 'बंधान शाळा'. संस्था रीतसर नोंदवलेली आहे. शनिवार-रविवार गावातली मुलं येतात, कधी शहरातल्या शाळांच्या बसेस येतात. शिकवायचं ते पायाखालचं. कोणत्या शेताचं नाव काय आणि का, काळ्या मातीला भेगा कशा पडतात, बांधावर येणारा बगळा कुठला, गावच्या बावडीवर कुणाचं नाव कोरलं आहे. आई तीस वर्षं शहरात भूगोल शिकवून निवृत्त झाली आणि म्हणाली, आता नकाशा टांगायचा नाही, त्याच्यावर चालायचं. गेली नऊ वर्षं ती शहरातल्या दीक्षितपुऱ्यातून रोज बसनं इथं येत होती.

शाळेचं पुस्तक म्हणजे हे चार एकर पाणी. ते वेळेवर उतरलं नाही तर पेरा नाही. पेरा नाही झाला तर काय, हे भय्यासाहेबमामांनी शहरात, नेपियर टाउनच्या त्यांच्या दिवाणखान्यात, आईच्या तेराव्यानंतर, मला स्वच्छ सांगितलं होतं. जमीन निम्मी त्यांची. "विने, शरयूसाठी मी गप्प बसलो. तुझ्यासाठी एक वर्ष गप्प बसतो. यंदा गहू पेरलास तर शाळा तुझी. नाही जमलं तर मटारवाल्या ठेकेदाराला देऊ. तो यंत्र लावून बांध सपाट करणार, हे आधीच सांगतो. मग रडायचं नाही."

मी रडणार नाही म्हणाले होते.

"पंप लावला तर?" मी भाऊंना विचारलं.

"पंपानं पाणी उचलता येते ताई, पन टाकान कुठी? तीन बाजूनं जमीन वर हाय. चौथ्या बाजूनं हल्के पटेल हाय."

"हल्केच्या आधी कुठून जायचं पाणी? त्याच्या बापाच्या, आज्याच्या वेळी?"

भाऊ दांड्यावर ठोकत राहिले. "मी पाहून राहिलो तवापासून तर हल्केच्याच वावरातून. त्याच्या आधीचं मले नाही मालूम."

मावशींनी चहाचे कप आमच्यासमोर ठेवले आणि लगबगीनं आत गेल्या. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

शनिवार होता. दहा वाजता मुलं आली, सव्वीस. वैभवीनं हजेरी घेतली. त्या दिवशी पक्षी मोजायचे होते. मी म्हणाले, आज पक्षी नको. आईची एक रीत होती, अडलं की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून यायचं. तोच गृहपाठ मी दिला. या बंधानाचा जुना निकास कुठून होता?

"ताई, सवाल हिंदी में बोलूँ?" वैभवी कुजबुजली. "मला मराठी समजतं, पण मुलांना… वो लोग हँसते हैं."

"बोल. बुंदेलीत बोललीस तर आणखी चांगलं."

रविवारी सकाळी मुलं धावतच आली. अर्ध्यांनी चपला बांधाखाली सोडलेल्या, सगळ्यांना आधी बोलायचं होतं. एकीचे आजोबा म्हणाले, निकास पूर्वेला होता. दुसऱ्याचे म्हणाले, पूर्वेला कधीच नव्हता, पूर्वेला म्हणणारे आजोबा तेव्हा जुगारात पकडले गेले होते, त्यांना काय माहीत. एकीची आजी म्हणाली, पाणी कुठून जायचं ते विसरले, पण मासे कुठं मिळायचे ते सांगते. एकाच्या पणजोबांनी तर पोरालाच ओळखलं नाही, विचारलं, "तैं को आय?"

वैभवी फळ्यावर लिहीत होती आणि हसून हसून तिच्या हातातला खडू मोडला. मलाही हसू आलं. मोठ्यानं. चार महिन्यांनी माझा आवाज मला ओळखू आला नाही.

शेवटी मागच्या रांगेतली एक लहानशी मुलगी उभी राहिली. तिची पणजी अंथरुणाला खिळलेली. "दादी बोलीं," ती म्हणाली, "जिते बाई ने पेड़ लगाए, उतईं सें."

सगळी मुलं उत्तरेकडे वळली. खिडकीतून आमच्या आणि हल्के पटेलांच्या बांधांमधली करंजांची ओळ दिसत होती. जगलेली अकरा झाडं, आठ वर्षांची, दाट हिरवी. पर्यावरण दिनाला आईनं मुलांकडून लावून घेतलेली. प्रत्येक झाडाला त्या वेळच्या एकेका मुलाचं नाव होतं.

बाहेर ओटा झाडणाऱ्या राधामावशींचा झाडू थांबला.

मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. "मावशी, तुम्हाला माहीत होतं?"

"सासूबाई सांगत," त्या झाडूच्या काड्या नीट करत म्हणाल्या. "करंजाखालून दगडी पाट हाय, सरळ नाल्यात उतरते. कोनाच्याच वावरात जात नाही. मंग एका साली हल्केच्या बापाशी सोयरीकच झाल्यासारखी दोस्ती झाली, त्याच्या वावरातूनच सोडू लागले. पाट बुजला."

"मग आईला का नाही सांगितलं? झाडं लावताना?"

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी चुकीचं बोलले होते.

"बाई किती खूश होत्या नं ताई. चाळीस लेकरं, हातात रोपं, तो पेपरवाला फोटो काढून राहिला. त्यात मी जाऊन म्हनू काय, बाई, तुमी पाटावर झाडं लावून राहिल्या? अन् तवा पाणी हल्केकडून जाऊनच राहिलं होतं. मले वाटलं, कोनाचं काय बिघडते."

जुनं शोधायला शिकवणाऱ्या शाळेनं जुनं बुजवून त्यावर फोटो काढून घेतला होता. मला आईचा राग आला. चार महिन्यांत पहिल्यांदा. आणि त्या रागानं बरंही वाटलं, कारण त्याला करायला काहीतरी होतं.

"भाऊ," मी हाक मारली, "पहार आणा."

मुलांना बांधावर रांगेत बसवलं. भाऊंनी पहिल्या आणि दुसऱ्या करंजाच्या मध्ये पहार हाणली. माती. दोन हात सरकून पुन्हा. माती. मुलं प्रत्येक वेळी "मट्टी!" ओरडत. मग वैभवीनं ओढणी कमरेला खोचली, भाऊंच्या हातून पहार घेतली आणि आणखी उजवीकडे, बांधाच्या अगदी पोटात घातली.

ठण्.

मुलं उठून उभी राहिली. वैभवीनं पुन्हा मारली. ठण्. मग एकदम सव्वीस मुलं बांधावरून खाली कोसळली. कुणी फावडं घेतलं, कुणी घमेलं, कुणी नुसते हात. मी गुडघ्यावर बसले होते आणि नखांनी माती काढत होते. आधी एक काठ दिसला, घडीव. मग दुसरा. दुपारपर्यंत बांधाच्या आतून बाहेर जाणारं दगडी तोंड उघडं झालं. दोन बाजूंना दोन उभ्या शिळा, त्यांत समोरासमोर खाचा, फळी सरकवायला. तळाचा दगड पाण्यानं झिजून बशीसारखा गुळगुळीत झालेला.

"किती जुना असेल, ताई?"

"माहीत नाही."

"राजाच्या वेळचा?"

"माहीत नाही. शोधू." आईनं नऊ वर्षं या मुलांना शेजारच्या गावच्या बावड्या दाखवल्या होत्या. हे तिच्या पायाखाली होतं. तिला हे दाखवायला आत्ता, या क्षणी, हाताला धरून ओढत आणावं असं इतकं तीव्र वाटलं, की मी उठून हात धुऊन आले.

सोमवारी पाट मोकळा करायला घेतला. तोंडापासून नाल्यापर्यंत साठ पावलं, हल्के पटेलांच्या वरच्या बांधाला लागून. भाऊ, मावशी, वैभवी, मी, आणि शेजारचे दोन मजूर. माझ्या तळहातांना दुपारपर्यंत फोड आले आणि संध्याकाळपर्यंत फुटले. मावशींनी त्यावर हळद दाबली आणि म्हणाल्या, "पुस्तकं धरनारे हात. मजबूत हाय, पन कातडी शाळेची हाय."

पाटात चार करंज येत होते. भाऊंनी तीन तोडले. कुऱ्हाड पडायची तेव्हा मी दुसरीकडे खणत होते. चौथा पाटाच्या मधोमध नव्हता, डाव्या काठावर होता, मुळं मात्र आत. भाऊंनी कुऱ्हाड उचलली आणि मावशी म्हणाल्या, "हा बाईनं लावला. सोताच्या हातानं. बाकीचे लेकरांनी."

"राहू द्या," मी म्हणाले. "इथं पाट जरा वळवू. झाडाला वळसा घालून."

भाऊंनी कुऱ्हाड खाली ठेवली, पण हात काढला नाही. "ताई, पाणी वळन मानत नाही."

"दोन हात तर वळवायचंय. मानेल."

ते मजुरांना खूण करून वळण खणू लागले. मला कळत होतं ते काय म्हणत नाहीत. तरी मी बेत बदलला नाही.

त्या संध्याकाळी पुन्हा हल्के पटेलांकडे गेले, कारण शेवटची वीस पावलं त्यांच्या बांधाच्या पायथ्याशी होती. ते आधीच येऊन दगडी तोंड पाहून गेले होते.

"पानी पठाएँ?"

ते डोकं खाजवत हसले. "हमाए बब्बा नाली की कहत ते, झूठ नईं बोलत ते. हम समझत ते, बुढ़ऊ सठिया गए." मग बोट उगारलं. "पठाओ. पर मटर में एक बूँद आई, बिन्ना, तो तुमाई साला में आ के बैठ जैहैं. रोज. टिफिन ले के."

मंगळवारी सकाळी आठला अर्धा गाव बांधावर होता. मुलं शाळा बुडवून आली होती, आणि त्यांच्या शिक्षिका मुलांना शोधायच्या निमित्तानं आल्या होत्या. बायकांनी जुनी लुगडी आणली होती, मासे धरायला. भाऊ आणि मजूर तोंडासमोरची शेवटची माती कुदळीनं काढत होते. मुलं मोजायला लागली. पंधरा, चौदा. भाऊ ओरडले, "गिनती बंद! पाणी तुमचं ऐकून राहिलं काय?"

माती आपणहून सुटली. आधी एक तपकिरी जीभ आली. ती दगडावरून घरंगळली, थांबल्यासारखी झाली, आणि मग मागून सगळं बंधान रेटत आलं. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. जड धान्याची पोती एकामागोमाग ओतावीत तसा. मुलं किंचाळत बांधावरून पाण्याच्या बरोबरीनं पळत सुटली. पाण्यात चांदीचे तुकडे उडाले. "मासे! मछरिया!" राधामावशी नाल्याच्या तोंडाशी लुगड्याचं एक टोक धरून उभ्या, दुसरं टोक कुणाच्या आजीच्या हातात, दोघी एकमेकींना शिव्या देत आणि हसत.

पाणी वळणाशी आलं आणि वळलं नाही.

ते करंजाच्या मुळांवर आदळलं, उभं राहिलं, आणि उजवीकडे फुगलं. हल्के पटेलांच्या बांधाची कड ओली झाली. मग काळी. मग तिथून एक बोटभर धार मटारात उतरली.

"ए बिन्ना!" हल्के पटेल फावडं घेऊन धावत आले आणि स्वतःच्या बांधावर माती टाकू लागले. धार दोन बोटं झाली. भाऊ वर तोंडाशी होते. फळी अजून बनवलेली नव्हती, तोंड बंद करता येणार नव्हतं. त्यांनी तिथूनच माझ्याकडे पाहिलं.

कुऱ्हाड काठावर पडलेली होती. मी ती उचलली आणि पाण्यात उतरले. पाणी मांडीला लागलं, पाय खाली ओढला जात होता. वैभवीनं मागून माझ्या कुडत्याची मूठ धरली. पहिला घाव पाण्यातच गेला. दुसरा मुळावर बसला आणि हाताचे फोड पुन्हा फुटले.

"ताई, तिरछा! तिरछा मारो!"

तिरका मारला. तिसरा, चौथा. मूळ पांढरं उघडलं. ओल्या लाकडाचा कडू वास आला. मी मोजत नव्हते, आणि काही विचारही करत नव्हते, एवढं आठवतं. मजुरानं दोर आणून खोडाला बांधला. "खींचो!" आणि दोराला कोण कोण लागलं ते मी पाहिलं नाही, पण बांधावर थांबायला सांगितलेली मुलं खाली आली होती, त्यांच्या शिक्षिका होत्या, आणि सर्वांत पुढे, आपली माती टाकून, हल्के पटेल. "हइशा!" करंज हलला. "हइशा!" मी शेवटचं मूळ तोडलं आणि वैभवीनं मला बाजूला ओढलं. झाड सावकाश कललं. आधी पानं पाण्याला लागली, मग ते एकदम आडवं झालं, आणि पाणी त्याच्या खड्ड्यातून सरळ नाल्याकडे धावलं.

मटारातली धार बारीक झाली. तुटली.

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी. मी काठावर चिखलात बसले होते आणि माझे दात वाजत होते. ऊन कडक होतं.

हल्के पटेल मटारात जाऊन पाहून आले. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. माझ्यासमोर उभे राहिले.

"दो लाइनें गईं, बिन्ना."

"मैं भर दूँगी."

"तुम का भरहौ." त्यांनी आडव्या झाडाकडे पाहिलं. मग नाल्याकडे मान वळवून ओरडले, "ए राधाबाई! आधी मछरियाँ हमाई!"

"अर्धे? तुमच्या मटारानं पकडले काय मासे?" मावशींचा आवाज आला. "या इकडं, चार देते. लहान."

दुपारी गर्दी पांगली. मी मामांना निरोप पाठवला, निकास सापडला, पाणी सुटलं. भाऊंचा हिशेब होता की पाच दिवसांत शेत उघडं पडेल, वाफसा यायला आणखी आठ-दहा. मामांचं उत्तर तासाभरानं आलं. "बियाणं कुठलं घेणार? बाजारातलं घेऊ नकोस. माझ्या ओळखीत जुना गहू आहे."

मी ते भाऊंना वाचून दाखवलं. त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

ऊन कलल्यावर वैभवी बांधावर माझ्याशेजारी येऊन बसली. उघड्या पडत चाललेल्या कडेच्या चिखलावर बगळे उतरत होते. तिच्या वहीत शनिवारचा पाठ लिहायचा होता.

"ताई, मुलांना काय सांगू? पाट कसा सापडला, एवढंच? की…" तिला मराठी शब्द सापडेना. "की वो पेड़वाली बात भी?"

"जे झालं ते सगळं."

"बाईंची गलती पण?"

"बाईंची आधी," मी म्हणाले. "मग माझी."

तिनं लिहून घेतलं. मी हात धुवायला बांधावरून खाली वाकले, सकाळी वाकले होते तशीच, तर पाणी हाताला लागेना. आणखी वाकावं लागलं.